करंगळीची रीत

सुमी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. परभणीच्या संस्थेतल्या मॅडम बोलत होत्या. "आमच्या सुमनबाई गेल्या हो, झोपेतच..." रडू यायच्या आधी मला तो 'आमच्या' शब्द टोचला. बहीण माझी, आणि आमच्या म्हणायला ह्या.

सुमी माझ्या पाठची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पाथरीजवळच्या आमच्या गावात तिला सगळीकडे मीच न्यायची. हात धरला की चिडायची. "मी काय शेळी हाय का, वढून न्यायला?" मग मी एक रीत काढली. तिनं नुसती माझी करंगळी धरायची. उतार आला की मी करंगळी एकदा वाकवायची, चढ आला की दोनदा. बोलायचं नाही. देवळाच्या पायऱ्या ती अशी चढायची की नवख्या माणसाला कळायचंसुद्धा नाही.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात संस्थेची माणसं गावात आली. अंध मुलींना ठेवून घेतो, शिकवतो, राहणं-जेवण सगळं देणगीतून होतं, म्हणाली. पाचवीसाठी मलाही पाथरीला जायचं होतं. आमचे वडील, अण्णा, म्हणाले, "तिला शिकावंच लागंल. तुला डोळे हायत की, तुझं काय अडायलंय?" माझं दप्तर सुमीच्या सामानात गेलं. त्या दिवशी वाटलं, देवानं माझेच डोळे का नाही नेले. हे मी कुणाला सांगितलं नाही.

सुट्टीत ती यायची आणि ठिपक्यांचं पुस्तक बोटांनी वाचून दाखवायची. सगळी गल्ली आमच्या ओसरीत. "लय हुशार हाय गं तुझी बहीण," बाया मला सांगायच्या. मी चुलीपुढे. सुमी तिकडून ओरडायची, "अक्का, त्या भाकरीला का मारायलीस? तिनं काय केलंय?" सगळे हसायचे. तिला ऐकू फार यायचं. पुढं ती वेताच्या खुर्च्या विणायला शिकली आणि तिथंच मुलींना शिकवायला लागली. माझं लग्न झालं, मुलं झाली, पण माहेरी गेलं की आधी सुमीचीच चौकशी.

शोकसभेला मी मागं बसले. मॅडम म्हणाल्या, "सुमनबाईंनी मुलींसाठी चालायची नवी पद्धत काढली, करंगळीची. आम्ही तिला सुमनबाईंची रीत म्हणतो." शाळा तिची, दप्तर तिचं, कौतुक तिचं. माझं म्हणून एवढंच होतं, त्यालाही तिचंच नाव. कुणाला बोलायचंय का, असं विचारलं तेव्हा मी पदर तोंडाशी धरून बसले. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही.

निघताना सुमीच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी, रुक्मिण, म्हणाली, "मावशी, मला फाटकापर्यंत न्या." तिनं माझी करंगळी धरली. पायरी आली तशी मी करंगळी एकदा वाकवली. ती उतरली आणि म्हणाली, "तुमाला बी बाईंनीच शिकवलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "मी शिकवलं तिला." आयुष्यात पहिल्यांदा हे तोंडातून निघालं.

थोडं पुढं गेल्यावर तिनं माझी करंगळी दाबली. मी चालतच राहिले. "थांबा की मावशी! चप्पल निसटली. धरणारीनं दाबलं की थांबायचं असतंय."

हे माझ्या रीतीत नव्हतं. माझ्या रीतीत मी सांगायची आणि सुमी ऐकायची. एवढ्या वर्षांत तिनं माझी करंगळी एकदाही दाबली नाही. या मुलींना मात्र शिकवलं... आता मला या मुलींचाही हेवा वाटतो.

घरी आमच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. चढताना माझी करंगळी आपोआप दोनदा वाकते. मग मी उंबऱ्यात जरा थांबते. पलीकडून दाबतंय का कुणी, बघते.