‘नसावी का?’ आणि सात मतं

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या आमच्या मराठी मंडळात एक मतदान झालं, त्याचा प्रश्न मी लिहिला होता. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते; दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. स्वतःचा फॉर्म मात्र मी आधी कुणालाही भरून बघायला दिला नाही.

वाद मंचावरच्या भाषेचा होता. कार्यक्रमात मंचावर फक्त मराठी बोलायचं, हा आमचा जुना नियम. इथे जन्मलेल्या मुलांना तो नको होता. ती आता वकील, नर्स, शिक्षक झालेली. निवेदन करायला तयार होती, पण अर्धं इंग्रजीत. ज्येष्ठांना वाटत होतं, नियम गेला की मराठीही गेली. मी ज्येष्ठांच्या बाजूची. तरी निवडणूक अधिकारी मलाच केलं, कारण मी वेळेवर येते.

प्रश्न असा होता: ‘मंचावर मराठीची सक्ती नसावी, असं आपल्याला वाटतं का?’ उत्तर हो किंवा नाही.

‘नाही’ला सात मतं जास्त पडली, म्हणजे सक्ती टिकली. निकाल वाचून मी खाली उतरले, तर एक काकू म्हणाल्या, “मी ‘नाही’च लिहिलं गं. नकोच ती सक्ती, पोरं बिचारी अडखळतात.”

मराठीत आपण ‘नाही, नसावी’ असंच म्हणतो की. ‘नाही’ लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना सक्ती हवी होती आणि किती जणांना नको, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मी त्याच दिवशी कमिटीला कळवलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. तरुण मंडळी म्हणाली, मतदान परत घ्या, नाहीतर आम्ही वेगळं मंडळ काढतो. मंडळाच्या संस्थापकांचा, एका निवृत्त सर्जन काकांचा, मला फोन आला.

“परत घेतलंस तर मी तिसरं मागणार. बेस्ट ऑफ थ्री. टेनिस आहे का हे?”

“काका, प्रश्न माझा चुकला.”

“आपली बाजू हरली असती तर पोरांनी परत घेऊ दिलं असतं?”

तरुणांचं नेतृत्व करणारी मुलगी वकील. मी तिला जन्मापासून ओळखते. तिला लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये गाठलं. “चूक माझी, आणि फायदा झाला माझ्याच बाजूचा. तू लेखी माग, मी परत मतदान घेते. पण आता लोक प्रश्न वाचणार नाहीत, एकमेकांची तोंडं बघून मत देतील. आणि जो हरेल तो तुझंच पत्र पुढे करून तिसरं मागेल.”

“सो यू मेस्ड अप, आणि मी गप्प बसायचं?”

“तसं मी म्हटलेलं नाही. ठरव तू.”

“अनबिलिव्हेबल, मावशी,” म्हणत तिनं गाडीचं दार आपटलं.

पुढच्या सभेत मी माईकवरून माझी चूक सगळ्यांना सांगितली. मग ती उभी राहिली. पूर्ण मराठीत, थांबत थांबत बोलली. “निकाल आम्हाला बरोबर वाटत नाही. पण आम्ही पाळतो. एक वर्ष. पुढच्या वर्षी प्रश्न मी आणि काका मिळून लिहिणार.”

“तुझं मराठी सुधार आधी!” काका जागेवरूनच ओरडले.

“म्हणूनच तर तुम्ही पाहिजे!”

सगळा हॉल हसला. काकाही.

त्या वर्षी पाच-सहा घरं मंडळात यायची थांबली. त्यातली दोनच परतली. बाकीची माझ्या एका वाक्यामुळे गेली, हे मी नाकारत नाही.

वर्षानं त्या दोघांनी प्रश्न लिहिला. कागदावर दोनच चौकोन: ‘फक्त मराठी’ आणि ‘मराठी व इंग्रजी’. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. आधी सहा जणांकडून भरून घेतला, त्या काकूंकडूनही. माझी बाजू हरली. मी निकाल खणखणीत आवाजात वाचला. काकांनी आंबट चेहऱ्यानं टाळ्या वाजवल्या, उठून त्या मुलीकडे गेले आणि विचारलं, “बरं, गणपतीला निवेदन कोण करतंय?” आजवर मी बरीच सॉफ्टवेअर तपासून बाहेर काढली आहेत. त्यातल्या कशाचाही मला या मंडळाइतका अभिमान वाटलेला नाही.