सोन्याच्या घळीत अनुसयावहिनी

फोन आला तेव्हा मी तासगावहून सांगलीला येणाऱ्या एसटीत होते. बसच्या पुढे द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या पुढे आणखी एक, आणि रस्त्याचं काम चाललेलं असल्यामुळे एकच बाजू उघडी. "शाले, गेली गं ती," दादा म्हणाला. एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मी एकदम उठून दाराकडे गेले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा. इथं उतरून कुठं जाताय?" खरंच होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, आणि दादाचं सांगलीतलं विश्रामबागेतलं घर अजून कितीतरी लांब. मी परत जागेवर येऊन बसले. माझ्या वहिनीला, अनुसयावहिनीला, अशा बसमध्ये एक मिनिट काढवत नसे. ती खिडकीतून अर्धी बाहेर झुकून बसायची आणि कंडक्टरची बोलणी खायची...

वहिनीचं माहेर म्हसवडच्या पलीकडे, उघड्या माळावर. तिच्या वडिलांची मेंढरं होती. पावसाळा सरला की सगळं घरदार मेंढरांबरोबर कृष्णाकाठाकडे उतरायचं, आणि लहानपणी वहिनीही त्यांच्याबरोबर चालायची. रात्री वर आभाळ, सकाळी पुन्हा वाट. छप्पर म्हणजे काय ते लग्नानंतरच कळलं, असं ती हसत सांगायची. माझा दादा गलाईच्या धंद्यातला. आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या घराघरातून कोणी ना कोणी हा धंदा धरून मुलूख सोडलेला असतो: जुने दागिने वितळवायचे, भट्टीत आणि तेजाबात घालून सोनं शुद्ध करून द्यायचं. चुलत्यांनी दादाला मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी नेलं होतं. लग्नानंतर वहिनीही तिकडे गेली. सराफांची अरुंद गल्ली, खाली दुकान आणि भट्टी, शिडीसारख्या जिन्याने वर गेलं की एकच खोली. खोलीला खिडकी होती, पण ती उघडायची शेजारच्या भिंतीवर. हात लांब केला की भिंत लागायची. खालून तेजाबाचा वास वर यायचा, तो कपड्यांत, भातात, उशीतसुद्धा मुरलेला. त्या खोलीत वहिनीने आपली सगळी उमेदीची वर्षं काढली. दोन मुलं तिथेच वाढवली आणि शिकायला आमच्याकडे सांगलीला धाडली. गल्लीत बोलायला माणूस नव्हतं. भाषा आली ती भाजीबाजारापुरती.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी रजा काढून तिच्याकडे आठ-पंधरा दिवस राहायला गेले. दुसऱ्याच दिवसापासून माझं डोकं दुखायला लागलं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही इथं राहता तरी कशा?" ती भाकरी थापत होती. "तुमी चार दिसांनी जाणार, म्हणून तुमाला तसं वाटतंया," एवढंच म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिने विषय काढला. सेल्वम नावाचा एक जीपवाला दादाच्या ओळखीचा होता. त्याने तिला कधीतरी सांगितलं होतं की वर डोंगरात एक घळ आहे, तिथे इंग्रजांनी सोन्यासाठी खाणी खणल्या होत्या. सोनं संपलं, माणसं गेली. आता तिथे फक्त बोगदे आहेत, आणि घळीच्या शेवटी धबधबा. "चला की वन्सं. लय दिस झालं मोकळं चालून." दादाला विचारलं तर तो वितळत्या सोन्याच्या मुशीतून नजर न काढता म्हणाला, "सोन्याची खाण कशाला बघायची? सोनं हितंच येतंय की चालत." त्याला भट्टी सोडून हलता येत नव्हतं हेही खरं. दुसऱ्याचं सोनं घरात असताना तो चहालासुद्धा गल्लीबाहेर जात नसे.

सेल्वमने आम्हाला चहाच्या मळ्याच्या वर सोडलं, वाट दाखवली आणि तो जीपपाशी थांबला. पहिला चढ होईपर्यंत मी पुढे होते. नंतर वहिनीने नऊवारीचा काष्टा वर खोचला, चपला काढून पिशवीत टाकल्या, आणि मग मला तिची फक्त पाठ दिसत राहिली. "पाय उचला की वन्सं!" ती वरून हाक मारायची. इतका मोठा आवाज तिच्याजवळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. घळीत शिरलो तशा दोन्ही बाजूंच्या दरडी जवळ येत गेल्या. तळाशी ओढा, त्याच्या काठाने पाऊलवाट, मध्येच गंजलेल्या रुळांचे तुकडे, कुठे जुन्या धुराड्याचा पडका बुंधा. दरडीत काळी भोकं दिसत होती, माणूस वाकून आत जाईल एवढी. आतून थंडगार ओलसर हवा यायची. मी एकात डोकावून पाहिलं. वहिनी मात्र त्या तोंडांपासून चार हात लांबूनच चालत होती.

ओढा ओलांडून पलीकडे गेलो आणि वळण घेतलं, तर समोर धबधबा. फार उंच नव्हता, पण अरुंद फटीतून असा कोसळत होता की अंगावरचे कपडे नुसत्या वाऱ्यानेच ओले झाले. वहिनी खडकावर उभी राहिली आणि ओरडली. शब्द नव्हते त्यात. मेंढरांना लांबून हाकारतात तसा लांबलचक हाकारा. पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" ती माझ्याकडे वळली तेव्हा हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "लगीन झाल्यापासनं आरडले न्हाई बगा. त्या खोलीत आरडायचं म्हंजे खाली गिऱ्हाइकं दचकायची."

आम्ही दशम्या खाल्ल्या. खाली ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस झाला असणार. आधी पाण्याचा रंग बदलला. मग मघाशी ज्या दगडांवरून ओढा ओलांडला होता ते दिसेनासे झाले. आम्ही वळणाशी आलो तोवर वाटच उरली नव्हती. पुढे लाल पाणी, मागे धबधबा, दोन्हीकडे सरळ उभ्या दरडी. फोनला रेंज नव्हती. दरडीवर थोड्या उंचीवर एका बोगद्याचं तोंड होतं आणि त्याच्यापुढे अंगणाएवढा दगडी कट्टा. मुळ्या धरत आम्ही तिथे चढलो. तेवढ्यात आमच्यावरही पाऊस सुरू झाला. मी बोगद्यात शिरले, साडीचा पदर पिळला आणि म्हटलं, "वहिनी, आत या." ती कट्ट्यावरच उभी होती. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा हाक मारली.

"न्हाई यायची मी आत."

"अहो, भिजताय! पाय घसरला म्हणजे?"

"भिजू द्या. आत तर रोजच हाय मी."

पाणी कट्ट्याच्या खाली धडका देत होतं. मी तिचा हात धरून ओढायला गेले तर तिने तो सोडवून घेतला. मग कट्ट्याच्या टोकाशी बसली, पाय खाली सोडून. "मला न्हाई जायचं परत त्या खोलीत," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, त्या पाण्याकडे बघत. "ह्यांचा काय दोष न्हाई. ते बी अडकल्यात. पर मला आता श्वास पुरंना, वन्सं..." समजूत घालावी तर खोटं बोलावं लागलं असतं. मी बोगद्यातून बाहेर आले आणि तिच्या शेजारी बसले. भीती इतकी वाटत होती की तिच्या पदराचं टोक मी मुठीत घट्ट धरून ठेवलं. तिला ते कळलं असणार, पण तिने सोडवलं नाही. आम्ही दोघी किती वेळ तशा बसलो कोण जाणे. मधूनच ती एखाद्या मेंढीचं नाव घेऊन काहीतरी सांगायची. ती मेंढी पुरात कशी सापडली, वडिलांनी तिला खांद्यावर घालून कसं आणलं. मी कुडकुडत ऐकत होते. पाऊस थांबला. उजेड उतरायच्या आधी सेल्वम आणि मळ्यातले दोन गडी दोर घेऊन आले. ओढाही तोवर ओसरला होता. आम्ही त्यांच्या हाताला धरून पलीकडे गेलो.

घरी पोचलो तेव्हा दादा दाराशी उभा होता, चेहरा पांढराफटक. आम्हाला धड बघून त्याला हसू फुटलं. "घावलं का सोनं?" वहिनी सरळ जिना चढून वर गेली. त्या रात्री तिने त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण सकाळी तो मला म्हणाला, "गावाबाहेर घर बघतो. दिवाळीचं काम उरकू दे." तो खोटं बोलत नव्हता. त्याने घरं पाहिलीही. पण दुकानात सोनं ठेवून रात्री लांब झोपायला जायची त्याची छाती झाली नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. मग वहिनीला खोकला लागला.

तिला मिरजेला आणून दाखवलं. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो बघून सांगितलं, आता त्या वासात पुन्हा नेऊ नका. दादाने दुकान चुलतभावाला देऊन टाकलं आणि दोघं विश्रामबागेत, माझ्या घराजवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. वहिनी म्हणायची, मला म्हसवडकडं न्या, माळावर टाका. पण ऑक्सिजनचं मशीन लाइटीवर चालायचं, आणि तिच्या माहेरच्या वस्तीवर लाइट कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही. नाकात नळी आणि नळी पोचेल तेवढंच घर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नळी पुरायची, मुख्य दारापर्यंत नाही. मी रोज संध्याकाळी जायचे. कधीकधी ती मधेच विचारायची, "वन्सं, त्या वक्ताला घळीत तुमी लय भ्याला हुता, न्हाई का?" मी हो म्हणायचे. "मी न्हाई भ्याले," ती म्हणायची. "तवा मी ब्येस हुते."

शेवटच्या दिवाळीनंतर तिने हट्ट धरला की माझी कॉट गॅलरीत लावा. गॅलरी चिंचोळी, कपडे वाळत घालायची. दादाने पुष्कळ विरोध केला. गारठा बाधेल, डास चावतील, लोक काय म्हणतील. शेवटी त्याने आणि मी कॉट तिरकी करून दारातून बाहेर काढली आणि नळीला जोड देऊन ती लांब केली. कॉट बसल्यावर तिथे उभं राहायला जागा उरली नाही. वहिनी कठड्याकडे तोंड करून पडायची. समोर एका शाळेचं मैदान आहे, त्याच्यापलीकडे थोडं आभाळ. ती गेली ती तिथेच, सकाळी, दादा आत चहा करत असताना.

परवा मी गेले होते. मशीन परत दिलं आहे, औषधांचं टेबल रिकामं झालं आहे. आतली खोली आवरून ठेवलेली, पलंगावर नवी चादर, तिच्यावर एकही सुरकुती नाही. दादा गॅलरीतल्या कॉटवर बसला होता, पाय पोटाशी घेऊन, कारण पाय सोडायला तिथे जागाच नाही. मी म्हटलं, "दादा, कॉट आत घेऊ या का? कपडे वाळत घालायचीही पंचाईत होते." खाली पोरांचा खेळ संपत आला होता.

"नको गं," तो म्हणाला. "आत झोप लागंना मला."

मग थोडा सरकला आणि मला बसायला जागा केली.