सावलीत वाढलेली काठी

दुपार कलली तरी दोघं चालतच होती. आंधळ्या हालशेतचा हात सुनेच्या, आलकेनच्या खांद्यावर होता. पाय त्याचे, डोळे तिचे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएर्रा देल फुएगो बेटावरच्या रानात एके काळी बाण करावेत ते हालशेतनेच. दूरदूरचे शिकारी बदल्यात द्यायला लांब मानेच्या ग्वानाकोचं कातडं घेऊन त्याच्या खोपटाशी बसून राहत.

आज त्याच्याच घरात एकही बाण नव्हता. थोरला लेक, आलकेनचा नवरा, खोकून खोकून गेला. मेलेल्याचं सगळं जाळायचं, ही रीत. पण दुःखाच्या भरात धाकट्या केलेमने आपलाही भाता त्याच आगीत लोटला. कुणी हात धरला नाही. अशा वेळी धरवतही नाही. ग्वानाकोंचा कळप किनाऱ्याकडे सरकत होता. बर्फाआधी तो गाठला नाही तर हिवाळा काढायचा कशावर? म्हणून दोघं नव्या बाणांसाठी काठ्या शोधत निघाली होती. काल शेवटचं मांस आपल्या लहानग्या लेकीला भरवताना वरच्या देवासाठी, तेमाउकेलासाठी बाहेर टाकायला कणही उरला नव्हता. आलकेनच्या जिवाला तेच फार लागलं होतं.

"मामंजी, ही बघा दारुहळद."

त्याने काट्यांतूनच फांदी चाचपली. "छ्या! उन्हात माजलेली. वीतभर वाढली की वाकडी. केलेमसारखीच."

"बापावर गेलाय म्हणा की."

एरवी तो हसला असता. "सावलीतली शोध पोरी. वर झाडं असली की ती उजेडासाठी सरळ चढते, सावकाश वाढते, गाठ धरत नाही."

सावली राहिली होती कुठे? मेंढरंवाल्या गोऱ्यांनी कुंपणाच्या खांबांसाठी झाडं तोडलेली. जिकडे तिकडे खुंट. शेवटी एका घळीत थोडी झाडं उभी दिसली. आलकेन अंग ओरबाडून घेत खाली उतरली, मनातल्या मनात वरच्याला हाक मारत. फांद्या कापून वर आणल्या. सालीखाली पिवळंधमक लाकूड निघालं. म्हाताऱ्याने एकेक तळहातात फिरवली, बहुतेक फेकून दिल्या, मूठभर ठेवल्या.

तिथेच त्यांनी विस्तव केला. काठी शेकायची, बाक दातांत धरायचा आणि हळूच सरळ करायचा. हालशेतने दात लावले. काठी निसटली, हिरडीतून रक्त आलं. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. गार झालेली काठी वाकडी ती वाकडीच.

"घरी नेऊ. केलेम करील," आलकेन म्हणाली.

"तो मोडील. त्याला शिकवलंच नाही कुणी. माझे दात सैल झाल्यापासून सगळे बाण, जो गेला तोच सरळ करायचा. तू शेजारी बसून बघायचीस ना?"

बाईचं तोंड लागलेला बाण शिकारी हातात धरत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

म्हाताऱ्याने दुसरी काठी शेकली आणि चाचपडत तिच्या हातात दिली.

"तू लाव दात, पोरी. नि केलेमला सांग, बाण म्हाताऱ्याने केलेत."