काय गेलं, सांगा!

माझ्या आईच्या चुलत्यांएवढा अन्यायी माणूस अख्ख्या तुळजापुरात झाला नाही, हे मी देवीच्या पायरीवर उभी राहून सांगेन. आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण शेजारच्या या आजोबांचं राज्य आमच्या ओसरीवर चालूच होतं. रोज दिवेलागणीला पाटावर कवडी, हळकुंड, अडकित्ता, कुलूप अशा वीस वस्तू मांडायच्या, आम्हा पोरांना क्षणभर बघू द्यायच्या आणि वर आपलं उपरणं टाकायचं. मग आत हात घालून एक वस्तू गुपचूप काढायची, उपरणं उचलायचं आणि ओरडायचं, "काय गेलं, सांगा!" या खेळापायी आईची पळी पाटावर आणि आमटी वाढायला वाटी! आई कुरकुरली की म्हणत, "आमटी पळीवाचून वाढता येते. पोरांचं डोकं पळीवाचून होत न्हाय!"

बरं, एवढं डोकं कशाला हवं? तर आजोबा पुजारी, पोटी मूल नाही, आणि पुढं त्यांचे यजमान माझ्या भावानं सांभाळायचे. प्रत्येक घराण्याचा पुजारी ठरलेला. गावोगावचे यजमान दर्शनाला आले की आपल्याच पुजाऱ्याकडं उतरत. नावं वहीत असत, पण आजोबांची वही कायम ट्रंकेत. म्हणत, "यजमानासमोर वही उघडली, की अर्धा यजमान गेला."

खेळ जिंकणाऱ्याला पेढा. आणि इथंच माझं टाळकं फिरायचं. माझा भाऊ 'कुलूप गेलं' म्हणायचा, आणि कुलूप त्याच्या नाकासमोर! मी दर वेळी बरोबर सांगायची, तरी पेढा त्यालाच. "तू गप. तुला कुठं यजमान सांभाळायचेत?" हा काय न्याय झाला?

एका चैत्रात एक म्हातारा यजमान आला. "वळखलं का, बाबा?" आजोबा हसले, आणि नुसते हसतच राहिले. कपाळावर घाम. नाव गेलं, हे मी दाराआडून ओळखलं. बरी खोड मोडली, असं मनात आलंच, खोटं कशाला बोलू! पण म्हाताऱ्याचा चेहरा पडायला लागला, तसं मला राहवेना. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. "आजोबा, कळंबचे ज्ञानोबाकाका आलेत. मागं नातवाचं जावळ काढायला आले होते ते."

"लई ध्यान हाय की पोरीला!" म्हातारा खुलला. आजोबांच्या तोंडून मात्र शाबासकीचा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मला एकटीलाच पाटासमोर बसवलं आणि उपरणं उचललं. मी नीट पाहिलं. "काहीच गेलं न्हाय, आजोबा. एक पेढा वाढलाय."

"मग उचल की," म्हणाले आणि दुसरीकडं बघत बसले.

पुढं माझं लग्न झालं. सासरचा पुजारी निराळा. पहिल्यांदा जोडीनं दर्शनाला आले, ती सासरच्या माणसांबरोबर आजोबांच्या दारावरून पुढं, दुसऱ्याच्या घरी उतरायला. आजोबा दारातच उभे. दुसऱ्याच्या यजमानाला हाक मारायची नाही, हा त्यांचा नेम. मीच थांबून वाकले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं जरासं उचललं आणि हळूच विचारलं, "काय गेलं, सांग."

वीस वस्तूंतली एक कधी चुकली नव्हती माझी. त्या दिवशी मात्र गेलेली मीच होते. पदर सावरला आणि सासरच्या माणसांमागं चालू लागले.