आक्कानं बसवलेलं गाव

आक्का रडायची तेव्हाही तिचे हात थांबत नसत. डोळ्यांतून पाणी गळतंय, ते पदराला पुसायची सवड नाही, आणि हात मात्र भाकरी थापतायत, नाहीतर गुरांना वैरण टाकतायत. रडायला म्हणून ती कधी बाजूला गेली नाही. एकदा मी म्हटलं, "आक्का, जरा टेका, मग करा." तर म्हणाली, "टेकले की लई येतं गं. असंच बरं हाय."

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अहोजाहो करी, पण आठवणीत ती अगंतुगंच राहिली. उंच, हाडाची मोठी, चालायला लागली की बरोबरच्या बायांना पळावं लागे. आमचं गाव वडवणी आणि सिरसाळ्याच्या मधे, नदीच्या अगदी काठाला. निजामाचं राज्य होतं. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर, गोठा, धान्याचं पेव, सगळं आक्काच्या हाताखाली होतं. तिला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे आणि दुसऱ्याला बोलू देत नसे.

भादव्यात नदी आली. वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस कोसळत होता, आमच्याकडे मात्र नुसती भुरभुर. सकाळी बाया पाण्याला गेल्या त्या घागरी टाकून ओरडत परत आल्या. सगळ्यांत आधी पाणी शिरलं ते गावकुसाबाहेरच्या वस्तीत, कारण ती सगळ्यांत खाली होती. माझे थोरले दीर, म्हणजे आक्काचे मालक, गुरं सोडायला गोठ्यात गेले. गुरं सोडली. मग खालच्या वस्तीतून लेकराबाळांचा ओरडा ऐकू आला म्हणून तसेच खाली उतरले. दोन पोरं त्यांनी वर आणून दिली. तिसऱ्यांदा उतरले ते परत आले नाहीत. दुपारी पाणी ओसरलं तेव्हा मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या आणि गावाच्या जागी चिखलात अडकलेली लाकडं उरली होती. पाटलांची गढी तेवढी उंचावर होती, ती वाचली.

आम्ही सगळे वरच्या माळावर पालं ठोकून राहिलो. सरकारातून एक अंमलदार घोड्यावर येऊन पाहून गेला, ज्वारीच्या गोण्या आल्या, जंगलातून लाकूड तोडायची मुभा मिळाली. पण माणसांचं मन उडालं होतं. कुणी सिरसाळ्याला मामाकडे निघालं, कुणी वडवणीला. रोज सकाळी एखादं पाल कमी झालेलं दिसे. थोरल्यांचं तेरावं झालं आणि पाटोद्याहून आक्काचा भाऊ गाडी घेऊन तिला न्यायला आला. विधवा बाईनं वर्षभर कोपऱ्यात बसावं, बाहेर तोंड दाखवू नये, अशी तेव्हाची रीत. भाऊ म्हणाला, "चल आक्का. हितं उघड्यावर तुझे हाल हायत. माहेरी निवांत बस."

आक्का तेव्हा पालापुढे तुरीच्या काड्या मोडत होती. म्हणाली, "बसते की कोपऱ्यात. आधी कोपरा तर बांधू दे."

भावाला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तो दोन दिवस राहिला, समजूत घातली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

त्याच संध्याकाळी तिनं माझ्या मालकांना हाक मारली. तो माळ आणि त्याच्या पोटाशी असलेली पट्टी आमच्या घरची होती. माळ मुरमाड, पण पट्टी म्हणजे आमची सगळ्यांत चांगली जमीन. आक्का म्हणाली, "भावजी, गाव हितं वर बसवायचं. माळ पुरायचा न्हाई, पट्टीही द्यावी लागंल."

मालक तडकले. "वैनी, पट्टी दिली तर आपण खायाचं काय? दादा गेला, घर गेलं, आता जमीनही घालवायची?"

"माझ्या जन्माच्या भाकरीला तुमी जेवढी जमीन राखली असती, तेवढी काढा," आक्का म्हणाली. "मी तुमच्याकडं पुन्हा हक्कानं काय मागनार न्हाई. काम करीन आन् खाईन."

"लोक मला काय म्हनतील? भावाच्या बायकोचा घास काढला म्हनतील."

"लोक ऱ्हायले तर म्हनतील ना. हितं लोकच निघाले."

मालक उठून गेले. जेवले नाहीत. मी त्यांच्या ताटावर झाकण घालून ठेवलं. सकाळी पाहते तर त्यांनी बैल जुंपले होते आणि नांगर माळावर उभा होता. "कुठून धरू तास, वैनी?" त्यांनी विचारलं. आक्का पुढे चालली आणि तिच्या मागे नांगर. गल्ल्या कुठून जायच्या, चावडी कुठे, विहिरीला वाट कुठली, ते असं नांगराच्या तासानं भुईवर उमटलं. दोन गाड्या समोरासमोर आल्या तरी अडू नयेत एवढी प्रत्येक गल्ली रुंद धरली. पाण्यात पळताना जुन्या गावच्या बोळांत माणसं कशी चेंगरली, ते तिनं पाहिलं होतं.

वाद झाला तो खालच्या वस्तीवरून. पाटील आणि चार जाणती माणसं म्हणाली, त्यांची घरं पूर्वीपासून खालच्या अंगाला आहेत, तशीच राहू द्या. आक्कानं शिवाशिव मोडली असं मी म्हणणार नाही. आम्ही सगळ्याच जणी ती पाळत होतो, आणि तीही पाळत होती. पण या बाबतीत ती हटली नाही. "वेगळी गल्ली द्या, माझं काय म्हननं न्हाई," ती म्हणाली. "पन भुई आपल्या बरोबरीची. पानी आधी त्यांच्या दारात आलं. माझा मानूस त्यांची लेकरं काढताना गेला. पुन्हा खाली बसवलं, तर पुन्हा कुनाला पाठवायचं? तुमी जाल का, पाटील?"

पाटलांचा चेहरा लाल झाला. बाईमाणसानं चारचौघांत असं विचारावं हे त्यांना लागलं. "मग तुमचं गाव तुमी बसवा," ते म्हणाले. "माझी गढी मला बास हाय." आणि ते खाली निघून गेले ते गेलेच. त्यांच्या भावकीतली थोडी घरंही त्यांच्याजवळ राहिली. खालच्या वस्तीची गल्ली मात्र वरच, आमच्या बरोबरीच्या भुईवर आखली.

पुढचा सगळा हिवाळा आणि उन्हाळा बांधण्यात गेला. जुन्या गावच्या पडलेल्या भिंतींची पांढरी माती डोक्यावर पाट्यांनी वर आणायची, कारण माळवदाला, म्हणजे आमच्याकडच्या सपाट धाब्याला, तीच माती चालते. त्यातून पाणी गळत नाही. बाया माती वाहत, पुरुष भिंती घालत. आक्काची एक रीत होती. एक घर पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. तिचं म्हणणं असं, की अर्ध्या भिंती पाहून माणसाला घाबरं होतं. एका घरातून धूर निघाला की बाकीच्यांना जोर येतो.

चिखलातून काढलेल्या लाकडांवरून मात्र रोज भांडणं होत. छताचा हा सर माझ्या घरचा, ती तुळई माझी. आक्कानं सांगितलं, ज्याच्या भिंती उभ्या झाल्या, लाकूड त्याचं. हे लोकांना पटेना. मग एक दिवस गाळातून एक मोठा सागवानी सर निघाला. त्याला मधोमध पाळण्याची लोखंडी कडी होती. तो आमच्या घरचा, सगळ्यांनी ओळखला. आक्का लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी हौसेनं ती कडी बसवली होती. त्या दिवशी कुंभाराच्या घराच्या भिंती उभ्या झाल्या होत्या, आणि त्याच्या सुनेला सातवा महिना होता. कुंभार हात जोडून म्हणाला, "आक्का, ह्यो नगं. ह्यो तुमच्या घरचा हाय."

"कडी हाय ना त्याला?" आक्का म्हणाली. "मग जिथं लेकरू येनार हाय तिथं जाऊ द्या." सर वर चढेपर्यंत ती खाली उभी राहून दोर ओढत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या दिवसापासून लाकडांची भांडणं थांबली.

निघून गेलेल्यांना तिनं तसं सोडलं नाही. आमचा सुतार वडवणीला जाऊन बसला होता. बाजाराच्या दिवशी आक्का मला घेऊन पायी तिकडे गेली आणि त्याच्या पुढ्यात उभी राहिली. तो खाली मान घालून रंधा मारीत राहिला. मग म्हणाला, "काहून आलात आक्का? तिथं आता काय हाय?"

"काय न्हाई म्हनून तर आले. घरं झाली, पन दारं न्हाईत. कुत्री आत शिरतात. तू यायचास, का आमी कुत्र्यांसंगंच ऱ्हावं?"

सुतार हसला. आठवड्यानं बायकोपोरांसकट गाडीत हत्यारं घालून आला. त्याच्या मागोमाग आणखी काही घरं परतली. सगळी नाहीत. काही जणांची वाट तिनं मरेपर्यंत पाहिली.

बऱ्याच वर्षांनी नदी पुन्हा तशीच आली. भर दुपारी. आम्ही सगळे माळाच्या कडेला उभे होतो. जुन्या गावावरून तांबडं पाणी धावत होतं आणि वर आमच्या चुली पेटलेल्या होत्या. या वेळी पाणी गढीलाही लागलं. पाटील आणि त्यांची माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन, कंबरभर पाण्यातून वर येताना दिसली. माझे मालक आणि वस्तीतले गडी दोर घेऊन खाली धावले. सगळे सुखरूप वर आले. पाटील नखशिखांत भिजलेले होते. आक्कासमोर येऊन त्यांनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

आक्कानं आमच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. चावडीच्या समोरची, मोक्याची जागा. इतकी वर्षं कितीजणांनी मागितली, तिनं तिथे साधा गोठाही घालू दिला नव्हता, आणि का ते मलाही सांगितलं नव्हतं. "ही तुमची," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच तास मारून ठेवलाय. पानी उतरलं की पाया खंदा. आज आमच्यात जेवा."

पाटील तिथेच खाली बसले आणि कपाळाला हात लावून ढसाढसा रडले. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरासाठी सगळ्या गावानं माती वाहिली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, उन्हाळा संपता संपता, आक्का गेली. चार दिवस ताप होता. मृग तोंडावर आलेला, म्हणून सगळा गाव आपापल्या माळवदांवर नवी माती टाकत होता. तिनं मला विचारलं, "सगळ्यांचं झालं का?" मी म्हटलं, "व्हायलंय." दुपारी तिनं डोळे मिटले. बातमी गल्लीतून गेली तशी माणसं धाब्यांवरून शिड्या लावून खाली उतरली. हात धुवायचंही कुणाला सुचलं नाही. तिला उचललं तेव्हा तिरडीच्या बांबूंवर पांढऱ्या मातीचे हात उमटले होते. पहिला खांदा माझ्या मालकांनी दिला, त्यांच्या शेजारी पाटील होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली. आभाळ भरून आलं होतं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पाट्या उचलल्या आणि सगळे पुन्हा माळवदावर चढले.