पत्र्यामागची फळी

पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होतं. उंची अकरा हजार फूट. वरच्या चौक्यांवर रसद न्यायला आमच्याकडे चौदा घोडे होते. मी हवालदार, तबेल्याचा इन्चार्ज. गाव बोरी, तालुका जिंतूर. हाताखाली सोनपेठचा लान्स नाईक बालाजी होता. इतक्या लांब आपल्या परभणीकडचा माणूस भेटला, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं.

तबेल्याच्या दगडी भिंतींना आतून जुन्या लाकडी फळ्या होत्या. घोड्यांचं मूत त्यांत मुरायचं, वास जायचा नाही. सुभेदारसाहेबांनी नवं अस्तर निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. जाड रबर किंवा पत्रा, दोनच गोष्टी मिळत होत्या. मी पत्रा निवडला. ब्रश मारला, पाणी ओतलं, की पाच मिनिटांत साफ. फळ्या उखडायला वेळ नव्हता. त्यांच्यावरच पत्रा स्क्रूने बसवून घेतला.

दोन महिन्यांनी खालच्या ओळीतले स्क्रू कमी व्हायला लागले. सकाळी सहाला मी मोजायचो. आज एक, परवा दोन. स्क्रू पाय फुटून जात नाहीत, कुणीतरी काढतंय, एवढं मी पक्कं धरलं. कोण उशिरा बाहेर पडतो, कोणाच्या खिशात काय वाजतं, सगळ्यावर नजर ठेवली. चहा पिताना हसून बोलणाऱ्याचाही संशय यायचा.

एका दुपारी बालाजी कोपऱ्यात उकिडवा बसलेला दिसला. हातात कानस होती.

"काय करायलास?"

"कड घासायलोय, हवालदारसाब. पत्रा सुटायलाय. मागची फळी सडली वाटतं. घोड्याचा पाय आत गेला तर लय कापंल."

"खिशात काय आहे?"

त्यानं चार स्क्रू काढून दाखवले. "लांब हायेत. बसवायला आणलेत."

"कुठून काढलेस?"

तो कानस ठेवून उठला. "तुमी मला चोर समजायलात का?"

मी ते चार स्क्रू काढून घेतले. स्क्रूची लांबीही ताडून पाहिली नाही. संध्याकाळी सुभेदारसाहेबांना चोरीचा रिपोर्ट दिला. दुसऱ्या दिवशी बालाजीची ड्यूटी रेशन स्टोअरला लागली. आपल्या भागातला म्हणून पाठीशी घातला, असं कुणी म्हणू नये, हेही माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दहा चाळीसला छपरावरचा बर्फ धाडकन खाली आला. घोडे बिथरले. शेवटच्या खणातल्या घोडीनं मागचे पाय झाडले. पत्रा वाकला, पाय कडेखाली गेला आणि अडकला. ती ओढायला लागली तसा पत्रा आणखी खोल रुतला. मी वायरलेस सेट उचलला.

"घोडी अडकली आहे. रक्त जातंय. व्हेट डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"रस्ता बंद. चाळीस मिनिटं. ओव्हर."

स्टोअरच्या सेटवर बालाजीनं ते ऐकलं. पहार घेऊन पळत आला.

"थांब. ऑर्डर नाही," मी म्हणालो.

"चाळीस मिन्टं न्हाई टिकायची ती. तुमी तोंड धरा."

मी लगाम धरला. तो मागून आत शिरला, पहारेनं पत्रा उचलला. पाय सुटला. त्याच क्षणी घोडी पूर्ण वजनानिशी मागे आली. लगाम माझ्या हातातून निसटला. बालाजी घोडी आणि दगडी भिंतीच्या मध्ये सापडला. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. अकरा दहाला थांबला.

दुपारी मी तो पत्रा पूर्ण उखडला. मागची फळी हातानं कुस्करली जात होती. ओल पत्र्यामागे अडकून लाकूड कुजलं होतं, स्क्रूला धरायला काही उरलंच नव्हतं. मग खालचं गवत चाळलं. सगळे हरवलेले स्क्रू तिथेच निघाले. आटे गंजलेले, त्यांत लाकडाचा भुसा. बालाजीच्या खिशातले चार त्यांच्याशेजारी ठेवले. ते बोटभर लांब आणि कोरे होते.

चौकशीत मी सांगितलं, पत्रा मी निवडला, त्यानं मला सावध केलं होतं, आणि मी त्याच्यावरच आळ घेतला. घोडी वाचली.

पहिल्या रजेत सोनपेठला गेलो. त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं, रिपोर्टचंही. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "चोर म्हणून त्याचं नाव कुठं लिवलेलं तर न्हाई ना?"

"नाही. मी खोडायला लावलं."

"मग जेवून जावा."

आता निवृत्त होऊन मी बोरीतच असतो. यंदा सेलूच्या एका कापूस व्यापाऱ्यानं पाच घोड्यांचा तबेला बांधला आणि मला बोलावलं. डीलर चकचकीत, पातळ शीट घेऊन आला होता. "धुवायला लय सोपं," तो म्हणाला. मी शीट वाकवून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला, भिंतीला टेकवून मागे तांब्याभर पाणी ओतून अर्धा तास थांबलो. पाणी तिथेच साचलं. शीट परत पाठवलं. आधी भिंतीला सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर करून ते पुरतं वाळू दिलं. त्यावर छातीइतक्या उंचीपर्यंत जाड रबर, अखंड, जमिनीपर्यंत चिकटवलेलं. ओल आत जायला फट नाही, खूर अडकायला कड नाही.

व्यापाऱ्यानं विचारलं, "एवढं बारीक कुठं शिकलात, हवालदारसाहेब?"

मी म्हणालो, "लान्स नाईक बालाजी. सोनपेठचा. त्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं."