तांदळात लिहिलेलं नाव

रत्नाचा फोन आला तेव्हा मी दारातलं गवत कापत होतो. इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गात, गवत वाढलं की शेजारी तोंडानं काही बोलत नाही, सोसायटीची चिठ्ठी येते.

"काका, मी फसलंय. माजा लग्नच खोटा निघाला."

मशीन बंद केलं. "म्हणजे? घोवान दुसरी बायको केल्यान काय गे?"

"केल्यान. कागदार तरी केल्यान. आणि ती दुसरी पण मीच."

पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटलं मला. गाडी काढली आणि तिच्याकडे गेलो.

रत्ना परब आमच्या कोकणातली, बांद्याकडची. मीही तिकडचाच, म्हणून मी काका. बाकी नातं काही नाही. बाप एसटीत कंडक्टर. पोर शिकली, इथे आली, आणि सहा वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम तपासत बसली. दुसऱ्याची चूक काढायचा पगार घ्यायची. स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यातली चूक मात्र तिला तीन वर्षं दिसली नाही.

नवरा नकुल शेटगावकर, पेडण्याचा. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा त्याचा बाप जन्मला, त्या जोरावर नकुलनं पोर्तुगालचा पासपोर्ट काढला. पोर्तुगाल त्यानं विमानाच्या खिडकीतून बघितलं असेल तेवढंच. राहतो जर्मनीत, हँबर्गला, मासळीच्या शीतगोदामात. लग्नात ठरलं होतं, दोन वर्षं तू तिथे, मी इथे, मग बघू. बघू बघू करता तीन झाली. वर्षातून दोनदा भेट, बाकी संसार फोनवर.

मार्चात तिची नोकरी गेली. इथला व्हिसा नोकरीच्या खुंट्याला बांधलेला. खुंटा उपटला की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी धर, नाहीतर देश सोड. रत्ना म्हणाली, सोडतेच, नवऱ्याकडे जाते. युरोपातला माणूस युरोपातल्याच दुसऱ्या देशात राहत असला, तर त्याच्या बायकोला तिथे येऊ द्यावं लागतं, ती कुठल्या का देशाची असेना. फक्त ती त्याची बायको आहे हे दाखवायचं.

ते 'फक्त'च अडलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. सगळे टाळ्या वाजवतात, पेढे खातात, आणि पुष्कळ घरांत ते नाव त्या ताटातच मरतं. नकुलनं आईच्या सांगण्यावरून 'वैदेही' लिहिलं. पुढे बांद्याला लग्नाचा दाखला करताना ग्रामसेवकानं विचारलं, बायकोचं नाव काय? सासू पद्मिनीबाई पुढे सरसावली, "वैदेही नकुल शेटगावकर." तिच्या लेखी रत्ना परब मांडवातच संपली होती. दाखल्यावर तेवढंच चढलं. घरच्यांनी शिक्का बघितला, नाव कोण बघतो!

आता जर्मन वकिलातीसाठी इंग्रजी भाषांतर करून आणलं, तेव्हा उजेड पडला. नकुलची बायको वैदेही. पासपोर्ट रत्नाचा. भेटीची वेळ परवाची, आणि साठातले अडतीस दिवस गेलेले.

"दाखलो बदलून घे," मी म्हटलं.

"बाबा ग्रामपंचायतीत जावन इले. दोन म्हयने लागतत म्हणतत." ती पलंगाच्या कडेवर बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. "काका, ते विचारतले, वैदेही खंय आसा? मी काय सांगू? ते म्हणतले, ह्येचा लग्न दुसरीवांगडा झाला आणि ह्या चेडू खोट्या कागदार घुसता. नकुलाक पण धरतले."

"असा काय नाय जायत," मी म्हटलं. पण सरकारी खिडकीपुढे मी चाळीस वर्षांत कधी छाती काढून उभा राहिलेलो नाही.

परवाच्या दिवशी सकाळी तिला शिकागोला घेऊन निघालो. अर्धी वाट ती मांडीवरची पिशवी चाचपत होती. मग म्हणाली, "काका, माज्याकडे दोन दाखले आसत."

गाडी जवळजवळ दुसऱ्या लेनमध्ये गेली. तिच्या ऑफिसातला यश म्हणून कोणी, त्यानं कॉम्प्युटरवर नाव बदलून नवा दाखला छापून दिला होता. शिक्का तस्साच. "यार, कोण चेक करतंय," म्हणाला म्हणे.

"फाड तो."

"आणि खऱ्यार व्हिसा नाय दिल्यानी तर?"

"तर बांद्याक जातलंस. जेलात नाय. खोटो एक सापडलो की खरो पण कोण मानूचो नाय, बाय."

तिनं तो फाडला नाही.

आत मला सोडलं नाही. मी खाली बाकावर बसून होतो. पाणी पिऊन पिऊन तीनदा मोरीकडे गेलो, म्हाताऱ्याची भीती खाली उतरते. पुढचं तिनंच सांगितलेलं.

काचेमागे एक बाई होती, चष्मेवाली, कपाळाला आठी. रत्नाचा हात पिशवीत गेला. दोन्ही कागद बोटाला लागले. बाहेर आला तो खरा. का, ते तिलाही सांगता आलं नाही. विचारायच्या आधीच ती भडाभडा बोलत सुटली, तांदूळ, अंगठी, सासू, ग्रामसेवक. बाई ऐकत राहिली. मग भाषांतर बाजूला सारलं आणि मूळ मराठी दाखला पुढे ओढला. तळाशी बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

सही होती. रत्नाची. आम्ही शाळेत शिकलो तशी, मराठीत, 'र'ला लांब शेपटी. भाषांतरवाल्यानं तिथे नुसतं 'सही' असं लिहून सोडलेलं. बाईनं पासपोर्ट उघडून त्यातली सही शेजारी धरली. तीच शेपटी.

"तुम्ही स्वतःचंच नाव लिहिलंत," बाई म्हणाली. हसली नाही. "नवऱ्याचं लेखी निवेदन पाठवा. मग बघू."

'मग बघू' एवढंच घेऊन रत्ना खाली आली. यशचा कागद तिनं पार्किंगमध्ये फाडला, इतका बारीक की मी म्हटलं, "आता तांदूळच झालो बघ त्येचो."

नकुलनं निवेदन दुसऱ्या दिवशी पाठवलं. मग नुसती वाट. रत्ना जेवेना. टपालाची गाडी आली की घराच्या आतच उभी राहायची, दार माझ्या बायकोनं, नीलानं, उघडायचं. त्या दिवसांत ती आमच्याकडेच राहायला आली होती, घरभाड्याचा करार संपला म्हणून.

साठातल्या एकावन्नाव्या दिवशी वकिलातीकडून पासपोर्टाचं पाकीट आलं. तिनं ते फोडलं नाही, उजेडाकडे धरून बघितलं. नीलानंच कात्री घातली. व्हिसा होता. रत्ना परब, नव्वद दिवस; पुढचं कार्ड तिथे गेल्यावर.

लगेच व्हिडिओ लावला. नकुलच्या आधी सासूच पडद्यावर, पेडण्याहून. "वैदेही, येतंस मगे?"

"आई, वैदेहीक आणूक सांगू नकात," रत्ना म्हणाली. "मी एकटीच येतंय. एका माणसाचाच तिकीट काढूचा आसा."

फोन ठेवल्यावर तिनं पासपोर्ट पुन्हा उघडला आणि आपलं नाव बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.